आधी पडदा, मग भिंग: मधुमेहींच्या मोतीबिंदूचा खरा खर्च

मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, "लेन्स कितीची?" पंधरा-वीस वर्षे साखर असलेल्या माणसाच्या घरात हा प्रश्न तिसरा यायला हवा. पहिला प्रश्न, डोळ्याचा पडदा कसा आहे? दुसरा, साखर किती दिवसांपासून ताब्यात आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे न घेता चाळीस हजारांची लेन्स बसवली आणि महिन्याभरात पडद्याला सूज आली, तर दिसणे धूसरच राहते आणि इंजेक्शनांचा खर्च वेगळा सुरू होतो. म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या कुटुंबांसाठी हा हिशेब पडद्यापासून मांडला आहे.

साखरेचा भिंगाशी काय संबंध?

डोळ्यातले नैसर्गिक भिंग रक्तातली साखर शोषते. साखर वाढलेली राहिली की भिंगात पाणी ओढले जाते, ते फुगते, त्यातली प्रथिने बिघडतात आणि भिंग पांढुरके होत जाते. त्यामुळे मधुमेहींना मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर होतो, कधी पन्नाशीच्या आतच. भिंग फुगते-ओसरते तसा चष्म्याचा नंबरही महिन्या-दोन महिन्यांत बदलतो. साखर वर-खाली असताना नवा चष्मा करू नका, तो पैसा वाया जातो.

पण साखर भिंगावरच थांबत नाही. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, पडद्याच्या मध्यभागी सूज येते, पुढे रक्तस्राव होतो. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला, म्हणजे साधारण सहा जणांत एक. सुरुवातीला ना दुखते, ना लाल होते. मोतीबिंदूमुळे कमी दिसते आहे, असे घरातले समजतात आणि आतला पडदा खराब होत राहतो.

"पिकू द्या" हा सल्ला सोडा

मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय ऑपरेशन नको, ही जुन्या पद्धतीच्या काळातली समजूत खेड्यापाड्यांत अजून घट्ट आहे. मधुमेहीला ती महागात पडते. भिंग पूर्ण पांढरे झाले की डॉक्टरांना पडदा दिसत नाही. लेझरची गरज असली तरी त्या भिंगातून तो नीट देता येत नाही. कडक झालेले भिंग काढायला वेळ जास्त लागतो आणि डोळ्याला इजाही जास्त होते. वाचणे, गाडी चालवणे, सुईत दोरा ओवणे, कापूस वेचणे अशी रोजची कामे अडू लागली की तपासणीची वेळ झाली, असे समजा.

"थंडीतच करायचे" हेही तसेच. लहान छेदाच्या आजच्या ऑपरेशनला ऋतूचे बंधन नाही. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि धुळीत फक्त काळजी जास्त घ्यावी लागते. साखर आणि पडदा ठीक असतील, तर पेरणी आणि वेचणीचे दिवस टाळून तारीख ठरवावी. घरात थेंब घालायला माणूस मोकळा असणे हवामानापेक्षा महत्त्वाचे.

ऑपरेशनआधीचा खर्च: इथे हात आखडू नका

पुढचे आकडे खासगी दवाखान्यात जाताना खिशात किती तयारी ठेवावी, यासाठी आहेत. दवाखाना, यंत्र आणि लेन्स यांप्रमाणे ते खाली-वर होतात. शेवटी धरायचे ते दवाखान्याने लिहून दिलेले अंदाजपत्रकच.

• थेंब घालून, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी: ५०० ते १,००० रुपये. थेंबांनी चार-सहा तास डोळे दिपतात. स्वतः मोटरसायकल चालवत जाऊ नका, सोबत माणूस न्या.

• ओसीटी, म्हणजे पडद्याचा थरांसह काढलेला फोटो: १,००० ते २,५०० रुपये. सूज डोळ्यांनी पाहून हुकू शकते, ओसीटीत ती मोजता येते. मधुमेहीसाठी ही तपासणी चैनीची नाही.

• सोनोग्राफी: ५०० ते १,५०० रुपये. भिंग इतके पांढरे असेल की आतले काहीच दिसत नाही, तेव्हाच लागते.

• रक्त, लघवी, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, ईसीजी: मिळून १,५०० ते २,५०० रुपये. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर वेदनाशामक गोळ्या जपून द्याव्या लागतात, म्हणून क्रिएटिनिन वगळू नका.

• लेन्सचा नंबर काढण्याचे मोजमाप: बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्येच असते, तरी विचारून घ्या.

साखर किती असली की ऑपरेशन करावे? त्या दिवशी सकाळी साखर २०० च्या आत असावी, असा आग्रह पुष्कळ डॉक्टर धरतात. पण तारीख जवळ आली म्हणून आठ दिवस उपाशी राहून किंवा मनाने गोळ्या वाढवून साखर खाली खेचू नका. अनेक महिने वाढलेली साखर झपाट्याने उतरवली तर पडद्याचा त्रास उलट वाढू शकतो. दोन-तीन महिने आधी आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा आणि तिथून ऑपरेशनसाठी चिठ्ठी घ्या.

पडद्याला सूज किंवा रक्तस्राव निघाला तर

अशा वेळी सहसा पडद्याचा उपचार आधी आणि मोतीबिंदू नंतर, असा क्रम असतो. काही वेळा ऑपरेशनच्या टेबलावरच इंजेक्शन देतात. हा निर्णय पडद्याच्या तज्ज्ञांचा.

लेझरच्या एका बैठकीला ३,००० ते ५,००० रुपये धरा, अशा दोन ते चार बैठका लागू शकतात. सूज उतरवणारे इंजेक्शन डोळ्यात देतात आणि ते एकदाच देऊन भागत नाही. सुरुवातीला बहुधा महिन्याला एक, अशी तीन किंवा जास्त घ्यावी लागतात. बेव्हासिझुमॅब सर्वांत स्वस्त, एका वेळेला ४,००० ते ८,००० रुपये. रॅनिबिझुमॅबचे भारतीय रूप २०१५ पासून बाजारात आहे, त्याला दवाखान्याच्या खर्चासह १०,००० ते १८,००० रुपये लागू शकतात. अफ्लिबरसेप्टसारखी मूळ परदेशी कंपन्यांची औषधे याहून पुष्कळ महाग. "डॉक्टर, माझ्या पडद्याला स्वस्त इंजेक्शन चालेल का?" हे विचारण्यात संकोच नको. ते अनेकांना चालते. ते का चालणार नाही, हे समजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

लेन्सवर बेतलेले पैसे इथे लागू शकतात. म्हणून पडद्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत महागडी लेन्स ठरवू नका.

कोणते ऑपरेशन, कोणती लेन्स?

फेकोमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून यंत्राने भिंग विरघळवून काढतात आणि घडीची लेन्स बसवतात. दुसऱ्या पद्धतीत साधारण सहा मिलिमीटरच्या छेदातून भिंग हाताने काढतात. तिथेही बहुधा टाका लागत नाही. सरकारी रुग्णालये आणि शिबिरांतून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि फार कडक झालेल्या भिंगासाठी ती चांगली आहे. मधुमेहीची जखम हळू भरते, त्यामुळे शक्य असेल तिथे लहान छेद बरा. पण चांगल्या हाताने केलेले दुसरे ऑपरेशनही नजर देते.

लेन्सच्या बाबतीत खरा सल्ला सोपा आहे. पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल, तर जवळचे-दूरचे दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स बहुतेक तज्ज्ञ सुचवत नाहीत. ती प्रकाश विभागते आणि आधीच अशक्त झालेल्या पडद्यावरचे चित्र आणखी फिके पडते. एकाच अंतराची, ॲक्रिलिकची, घडीची लेन्स आणि वाचायला साधा चष्मा, ही जोडी मधुमेहीला बहुधा सर्वांत सुरक्षित आणि खिशालाही परवडणारी. बुबुळाला तिरका नंबर जास्त असेल आणि पडदा निरोगी असेल, तर टॉरिक लेन्सचा विचार करता येतो.

भारतीय लेन्स म्हणजे हलकी, हा समज मनातून काढा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि परदेशी लेन्सच्या किमतीच्या छोट्या भागात लेन्स बनवून दाखवली. आज तिथली लेन्स जगभर जाते. कोणतीही लेन्स घ्या, तिच्या डब्यावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवून घ्या. त्यावर कंपनी, नंबर आणि अनुक्रमांक असतो. विम्यालाही तो लागतो.

एका डोळ्याचा हिशेब

पडदा निरोगी, फेको, एका अंतराची घडीची लेन्स आणि खासगी दवाखाना, असे धरू.

• पडद्याची तपासणी: ५०० ते १,०००
• रक्त, ईसीजी: १,५०० ते २,५००
• ऑपरेशनआधी ओसीटी: १,००० ते २,५००
• ऑपरेशन, लेन्ससह: १८,००० ते ४०,०००
• थेंब, गोळ्या: १,००० ते २,०००
• महिन्याने पुन्हा ओसीटी: १,००० ते २,५००
• चष्मा: १,५०० ते ३,०००

एकूण २४,५०० ते ५३,५०० रुपये. पडद्याला सूज असेल आणि तीन स्वस्त इंजेक्शने लागली, तर यात १२,००० ते २४,००० रुपये मिळवा. टॉरिक किंवा मल्टिफोकल घेतली तर ऑपरेशनचाच आकडा दुप्पट किंवा त्याहून वर जातो.

जाण्या-येण्याचाही हिशेब करा. तपासणी, ऑपरेशन, दुसरा दिवस, आठवडा, महिना, अशा किमान पाच फेऱ्या होतात. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आणि सर्व महिलांनाही अर्धे तिकीट. शिरपूर, साक्री, चोपडा, रावेर, चाळीसगाव इथून येणाऱ्या आजी-आजोबांसोबत घरातली लेक किंवा सून आली, तर दोघांचेही भाडे वाचते.

पैसे नसतील तर कुठे जावे?

पैसे नाहीत म्हणून अंध राहण्याची वेळ कुणावर येऊ नये, यासाठी देशात १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन लेन्ससह मोफत करणे हे त्याचे मुख्य काम.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. नेत्र विभाग कोणत्या दिवशी असतो, एवढे आधी विचारून जा.

साखर जुनी असेल तर थेट वैद्यकीय महाविद्यालय गाठणे चांगले, कारण तिथे डोळ्यांसोबत औषधवैद्यकाचे डॉक्टरही एकाच छपराखाली भेटतात. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ही रुग्णालये वेगळ्या विभागाखाली येतात, तिथे केस पेपर आणि काही तपासण्यांना नाममात्र शुल्क असते. खासगी व्यवस्थापनाची डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि जवाहर मेडिकल फाउंडेशनचे धुळ्याचे महाविद्यालय इथेही नेत्र विभाग आहेत. जळगावचे कांताई नेत्रालय हे खास डोळ्यांचे रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न नक्की विचारा, "पडद्याचे डॉक्टर कोणत्या वारी असतात?"

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या, सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. पण कार्ड आहे म्हणजे हवे ते ऑपरेशन हव्या त्या दवाखान्यात फुकट होईल, असे धरून चालू नका. प्रत्येक रुग्णालयाला ठरावीक उपचारांचीच मान्यता असते. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. मोतीबिंदूचे ऑपरेशन या योजनेत इथे होते का? आणि पडद्याचा लेझर किंवा शस्त्रक्रिया होते का? १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येते. आधार कार्ड आणि रेशन कार्डवरचे नाव जुळते का, हे घरीच तपासून निघा. नाव जुळले नाही तर रांगेत नंबर येऊनही परत फिरावे लागते.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या.

शिबिर वाईट नाही. लाखो माणसांना शिबिरांनी नजर दिली आहे. मधुमेहीने मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. ऑपरेशन रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात होणार आहे का? आधी बाहुली मोठी करून पडदा पाहणार आहेत का? आणि आठवड्याने, महिन्याने तपासायला कोण, कुठे भेटणार? तिसऱ्या प्रश्नाला पत्ता आणि तारीख मिळाली नाही, तर तिथे ऑपरेशन करू नका.

विमा असेल तर

मोतीबिंदू डे-केअरमध्ये येतो, २४ तास भरती राहण्याची अट नसते. पण नव्या पॉलिसीत त्याला बहुधा २४ महिने थांबावे लागते आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. मधुमेह लपवून पॉलिसी घेतली तर दावा नाकारला जाऊ शकतो. फॉर्म एजंटाला भरू देऊ नका. साखर किती वर्षांची, हे स्वतः लिहा.

मर्यादाही पाहा. सर्व कंपन्यांत मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी कमी असेल तेवढेच मिळतात. पॉलिसी ३ लाखांची असेल तर मर्यादा ४०,०००, १ लाखाची असेल तर २५,०००. शिवाय ५ टक्के वाटा आपला. भरतीआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस तिच्यात धरलेले आहेत, म्हणून ओसीटी, रक्ततपासणी आणि थेंबांची बिले जपून ठेवा. पडद्यातले इंजेक्शन विमा कंपनीला सरसकट नाकारता येत नाही, मात्र त्यावर रकमेची मर्यादा घालता येते. आपल्या पॉलिसीत ती किती आहे, ते आधी वाचा.

विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या उपचारावर मुलाने किंवा मुलीने खर्च केला, तर जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पैसे रोख न देता बँकेतून द्या, तरच ती धरली जाते.

ऑपरेशनच्या दिवशी

बहुतेक वेळा फक्त थेंबांनी किंवा डोळ्याभोवतीच्या इंजेक्शनने डोळा बधिर करतात. म्हणून उपाशी राहायचे की हलका नाश्ता करायचा, हे लिहून घ्या. गोळी किंवा इन्सुलिन घेतले, नाश्ता केला नाही आणि नंबर दुपारी लागला, तर साखर धोकादायक खाली जाते. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच परिचारिकेला सांगा. सकाळच्या डोसचे काय करायचे, ते आदल्या दिवशीच मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा.

रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. लघवी अडखळते म्हणून टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल, तर ती डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग सैल पडतो. आधी कळले तर डॉक्टर तशी तयारी करतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून नेणे, हा सर्वांत सोपा मार्ग.

नंतरचे चाळीस दिवस

थेंबांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीवर लावा. थेंब घालण्याआधी दर वेळी साबणाने हात धुवा. डोक्यावरून आंघोळ, चुलीचा धूर, मळणीची धूळ आणि जड वजन, हे डॉक्टर सांगतील तोवर टाळा. भेटायला येणारे केळी आणि बिस्किटे आणतात. प्रेमाने आणतात, पण साखर वाढली तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना वाव मिळतो. घरच्यांनी हे पाहुण्यांना प्रेमानेच सांगावे.

डोळा जास्त लाल झाला, ठणकू लागला, चिपडे किंवा पू आला, किंवा काल दिसत होते ते आज दिसेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. आतला जंतुसंसर्ग काही तासांत नजर नेऊ शकतो. उद्याच्या एसटीसाठी थांबून पैसे वाचवण्याची ही वेळ नव्हे.

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा ओसीटी करा. या सुमाराला पडद्याला सूज येण्याची शक्यता मधुमेहीत जास्त असते. लवकर सापडली तर अनेकदा थेंबांवर भागते. चष्म्याचा कायमचा नंबरही याच सुमारास काढावा. पुढे वर्षा-दोन वर्षांत पुन्हा धूसर दिसू लागले, तर मोतीबिंदू परत आला असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात लेन्समागची पातळ पिशवी पांढुरकी झालेली असते. यॅग लेझरने ती काही मिनिटांत साफ होते, २,००० ते ४,००० रुपये लागतात. पण त्याआधी पडदा पुन्हा पाहून घ्या, धूसरपणाचे कारण तिथेही असू शकते.

दुसऱ्या डोळ्याची घाई करू नका. पहिल्याचा ओसीटी चांगला आला की मग तारीख घ्या.

या सगळ्या कागदांची एक फाइल करा: साखरेचे रिपोर्ट, दोन्ही ओसीटी, लेन्सचा स्टिकर, डिस्चार्ज कार्ड. तिच्या पहिल्या पानावर पुढच्या पडदा तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. बसवलेली लेन्स आयुष्यभर टिकते, तिला पुन्हा खर्च नाही. पडद्याला मात्र दरवर्षी एकदा बाहुली मोठी करून दाखवावे लागेल. तो खर्च पाचशे-हजार रुपयांचा आणि एका दिवसाचा. आईच्या किंवा वडिलांच्या साखरेच्या गोळ्या आपण दरमहा आणतो, त्या यादीत वर्षातून एकदा ही एक फेरीही लिहा.